आयकार्ड गळ्यात आहे तोवर

"ताई, मी भांडुपला राहते, एसवायबीएस्सीला आहे, केमिस्ट्री. बारावीला पीसीबी होतं, नीटमध्ये मार्क कमी पडले आणि दुसरं काही सुचलं नाही म्हणून बीएस्सी घेतलं. एफवाय कसं गेलं कळलंपण नाही. आमच्या कॉलेजात प्लेसमेंटला ज्या कंपन्या येतात त्या कॉमर्सवाल्यांना नेतात, सायन्सला आलेच तर बीपीओवाले. मामा म्हणतो बँकेच्या परीक्षा दे. बाबा म्हणतात बीएड कर, शाळेची नोकरी बरी. माझी मैत्रीण ४० हजार भरून क्लिनिकल रिसर्चचा, म्हणजे माणसांवर औषधांच्या चाचण्या घेण्याच्या कामाचा, कोर्स करतेय आणि मलाही चल म्हणतेय, सीट भरत आल्यात म्हणे. मला नक्की काय आवडतं तेच कळत नाही. करिअरचं प्लॅनिंग एफवायपासून करायला हवं होतं का? आता उशीर झालाय का?"
– भांडुपची एक वाचक

हाय,

उशीर बिशीर काही झालेला नाही. पण "सीट भरत आल्यात" हे वाचलं आणि तुझं पत्र मी रांगेतून उचलून वर घेतलं, कारण मला भीती वाटली की माझं उत्तर येईपर्यंत तू पैसे भरून मोकळी होशील. तर सगळ्यात आधी, ते ४० हजार आत्ता भरू नकोस. का ते पुढे सांगते.

आधी माझं ऐक. मीपण केमिस्ट्रीवालीच. टीवायला असताना मला वाटायचं की एमएस्सी म्हणजे बीएस्सीच्या पुढचं स्टेशन, आपण डब्यात बसून राहायचं, गाडी आपोआप पोचते. जॅम नावाची परीक्षा असते आणि त्यातून आयआयटीत एमएस्सीला जाता येतं हे मला टीवायच्या जानेवारीत कळलं, तेही दादरच्या पुलावर धक्के खात भेटलेल्या शाळेतल्या मैत्रिणीकडून. फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरतात, परीक्षा फेब्रुवारीत, म्हणजे माझा विषय तिथेच संपला. आता मी काही फार मोठी स्कॉलर होते आणि नक्की निघाले असते असं अजिबात नाही, पण मला नापास व्हायचासुद्धा चान्स मिळाला नाही ना, त्याचं जास्त लागलं. मग मी तुर्भ्याला एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबला, म्हणजे माल विकायच्या आधी तो तपासणाऱ्या लॅबला, लागले, तिथे बरीच वर्षं काढली आणि आता दुसरीकडे फ्रेशर्सच्या मुलाखती घेते. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजू बघून झाल्यात.

आता तुझा मेन प्रश्न, काय आवडतं तेच कळत नाही. अगं कसं कळणार? घरी पंख्याखाली बसून कुणालाच कळत नाही. आपल्याकडे प्लॅनिंग म्हणजे अठराव्या वर्षी एक उत्तर ठरवायचं आणि मग त्याच्यामागे धावायचं असं समजतात, मला ते कधीच पटलेलं नाही. कॉलेजच्या वर्षांत आपल्याला काय नकोय ते स्वस्तात शोधून काढायचं, एवढंच प्लॅनिंग मला माहितीये. आणि ते स्वस्तात होतं ते तुझ्या गळ्यातल्या आयकार्डामुळे. एसवायची मुलगी एखाद्या लॅबच्या दारात गेली आणि म्हणाली सर मला दोन तास बघायचंय, तर दहातले आठ जण नाही म्हणतात, पण दोन जण आत घेतात, चहा पाजतात आणि वर स्वतःची सगळी कहाणी सांगतात. हीच मुलगी पास होऊन गेली की तिला गेटवरचा वॉचमन सांगतो, सीव्ही मेल करा. माणूस तोच, लॅब तीच. फरक त्या निळ्या दोरीचा. तुझ्याकडे ती अजून दीड वर्ष आहे आणि माझ्या मते तुझ्याकडची सगळ्यात महागडी वस्तू तीच आहे.

मग वापर कुठे करायचा. एक जागा तर तुझ्या अगदी हाताशी आहे. भांडुपहून कुर्ला, कुर्ल्याला हार्बर पकडून मानखुर्द. तिथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, टीआयएफआर या मोठ्या संशोधन संस्थेचंच. त्यांचा एनआययूएस म्हणून एक कार्यक्रम चालतो, पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या बीएस्सीच्या मुलांसाठी, केमिस्ट्रीचे कॅम्प असतात, निवड होऊन पुढे प्रोजेक्टही मिळू शकतो. मुंबईच्या बाहेरची मुलं बॅगा भरून तिथे येतात आणि आपल्याकडच्या निम्म्या पोरींना नावपण माहीत नसतं. त्यांच्या साइटवर पुढचा कॅम्प कधी आहे आणि फॉर्म कधी सुटतात ते आजच बघ. दुसरं, देशातल्या तीन सायन्स अकॅडमी मिळून समर रिसर्च फेलोशिप देतात, मे ते जुलैच्या दरम्यान दोन महिने खऱ्या संशोधकाच्या लॅबमध्ये काम आणि वर स्टायपेंड. अर्ज साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घेतात, म्हणजे आत्ताच, त्यामुळे पात्रता नीट वाच आणि बसत असशील तर टाकून दे. एखाद्या सरांचं शिफारसपत्र लागतं, आणि त्या सरांना तुझं नाव माहीत असायला हवं, जे शेवटच्या बाकावर बसून होत नाही. आणि हे काहीच नाही जमलं तर टीआयएफआरवाल्यांचं 'चाय अँड व्हाय' असतं, २००९ पासून चालू आहे, रविवारी सकाळी जायचं, शास्त्रज्ञ बोलतात, फुकट. तिथून करिअर मिळत नाही, पण रिसर्च करणारी माणसं दिसतात कशी आणि बोलतात कशी ते कळतं. मला तर कॉलेजात असताना वाटायचं शास्त्रज्ञ म्हणजे फक्त फोटोतच असतात.

आता नोकरीचं, कारण बीएस्सी केमिस्ट्रीला नोकरी नाही हे जे सगळे म्हणतात ते अर्धवट आहे. तुझ्या कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमध्ये नाही असं म्हण. ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकड आणि खिडकीतून बघ, रबाळे, महापे, तुर्भे हा सगळा एमआयडीसीचा पट्टा आहे, तिकडे तळोजा, पाताळगंगा, इकडे अंबरनाथ-बदलापूर, पश्चिम रेल्वेला तारापूर-बोईसर. औषधं, रंग, अत्तरं, खाद्यपदार्थ, पाणी, जे काही बनतं ते विकायच्या आधी कुणीतरी तपासतं, आणि तपासणारं ते कुणीतरी बरेचदा बीएस्सी-एमएस्सी केमिस्ट्रीच असतं. फक्त हे काम कसं असतं ते कॉलेजात कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते, थोडं लांबेल.

तुला वाटत असेल पांढरा कोट घालून दिवसभर एचपीएलसीसमोर, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनसमोर, बसायचं. प्रत्यक्षात इन्स्ट्रुमेंटसमोर कमी आणि लॉगबुकसमोर जास्त. वजन केलं की लिही, प्रिंटआउट चिकटव, सही कर, वेळ टाक, दुसऱ्याने चेक केल्याची सही घे. आमच्याकडे एक वाक्य रोज कानावर पडायचं, जे लिहिलं नाही ते झालंच नाही. आकडा चुकला तर त्यावर गिरवायचं नाही, खोडरबर नाही, व्हाइटनर तर नाहीच नाही, एक आडवी रेघ मारायची की खालचा आकडा वाचता आला पाहिजे, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख. ऑडिटरला व्हाइटनरचा पांढरा ठिपका दिसला की लॅबमध्ये सुतक. मी जॉइन झाल्यावर पहिल्याच महिन्यात एका रीडिंगवर सवयीने गिरवलं होतं आणि त्याचं एवढं मोठं रामायण झालं, लेखी खुलासा, पुन्हा ट्रेनिंग, सगळं, की मी ट्रेनमध्ये रडत घरी आले होते. चूक माझीच होती, पण तीन वर्षं जर्नल कसं लिहावं हे मला एकाही माणसाने सांगितलं नव्हतं, रीडिंग जुळत नसेल तर मागच्या बॅचच्या जर्नलमधून टाक हे मात्र सगळ्यांनी सांगितलं होतं.

म्हणून तुला माझ्याकडून होमवर्क, एक पैसाही लागत नाही. चौथ्या सेमपासून जर्नलमध्ये व्हाइटनर बंद. रीडिंग आलं ते आलं, चुकीचं आलं तर चुकीचं लिही आणि का चुकलं असेल ते खाली दोन ओळीत लिही. सर ओरडतील, ओरडू देत. सहा महिन्यांनी तुला स्वतःलाच कळेल की या असल्या किचकट, शिस्तीच्या कामात तुझं मन लागतं की जीव गुदमरतो. काहींना ना बुरेटचा शेवटचा थेंब पडून रंग बदलतो ना, त्यातच मजा येते, चार तास उभं राहून पाय दुखले तरी. काहींना दुसऱ्या टायट्रेशनलाच घड्याळ दिसायला लागतं. दोघीही बरोबर आहेत, पण दुसरीने क्यूसीला येऊ नये.

मुलाखतीत मी काय विचारते तेही सांगून टाकते. २५० मिली, ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड बनवायचंय, किती ग्रॅम घेशील? नऊ पॉइंटर असलेली मुलं इथे छताकडे बघतात गं. उत्तर आहे १ ग्रॅम, पण ते सांगणारे मिळतात. मला हवी असते ती पोरगी जी पुढे बोलते, की मॅडम हा हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो म्हणून नुसतं वजन करून भागत नाही, नंतर स्टँडर्डाइज करावं लागतं, म्हणजे त्याची खरी ताकद टायट्रेशनने तपासावी लागते. तिचं इंग्लिश मोडकंतोडकं असलं तरी चालतं, मी तिला घेते. आणि एक्सेल. तीन महिन्यांचा अ‍ॅडव्हान्स्ड एक्सेल कोर्स नको, बिअर-लॅम्बर्टचं प्रॅक्टिकल करता ना तुम्ही, त्याचा ग्राफ पेपरवर काढून झाला की घरी तोच एक्सेलमध्ये काढ, स्लोप काढ, आर स्क्वेअर काढ, एक पॉइंट मुद्दाम बिघडव आणि काय होतं बघ. एवढं ज्याला येतं त्याला लॅबमधलं सुरुवातीचं बरंचसं एक्सेल येतं.

आता ते ४० हजार. क्लिनिकल रिसर्च हे क्षेत्र खोटं नाहीये, तिथे नोकऱ्या असतात. प्रश्न हा की नोकरी देणारा ते सर्टिफिकेट मागतो का. नोकरीच्या साइटवर जा, मुंबई-ठाण्यातल्या फ्रेशर्सच्या वीस जाहिराती काढ आणि वहीत लिही की किती जणांनी असा कोर्स मागितलाय आणि किती जणांनी बीफार्म किंवा एमएस्सी मागितलीये. मग त्या क्लासवाल्यांना फोन करून मागच्या बॅचच्या तीन मुलींचे नंबर माग, ज्या आत्ता कामाला आहेत. टाळाटाळ केली तर तुला उत्तर मिळालं. "हंड्रेड पर्सेंट प्लेसमेंट असिस्टन्स" यात असिस्टन्स हा शब्द फार मोलाचा आहे, ते फक्त मदत करणार म्हणतायत, नोकरी देणार म्हणत नाहीयेत. आणि तुला नुसतं चाखून बघायचं असेल तर गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं बेसिक ट्रेनिंग ऑनलाइन फुकट मिळतं, स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर कोर्स शिकायला पैसे लागत नाहीत, तिथल्या एनपीटीईएलच्या, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या, कोर्सला फक्त परीक्षा देऊन सर्टिफिकेट हवं असेल तर १००० रुपये. ते कर, आवडलं तर टीवायनंतर मोठ्या कोर्सचा विचार कर, क्लास तेव्हाही असतील आणि सीट तेव्हाही भरतच आलेल्या असतील. मैत्रिणीला मात्र यातलं काही ऐकवत बसू नकोस, तिने भरलेत, आता तिला त्यातून जमेल तेवढं वसूल करू दे.

मामाचं म्हणणं वाईट नाही, फक्त आत्ताचं नाही. आयबीपीएसला, म्हणजे त्या बँकभरतीच्या परीक्षांना, ग्रॅज्युएशन पूर्ण लागतं, वय क्लर्कला २० ते २८, पीओला म्हणजे ऑफिसरला २० ते ३०, शिवाय ओबीसीला ३ वर्षं आणि एससी-एसटीला ५ वर्षं सूट. म्हणजे हा दरवाजा तुझ्यासाठी अजून उघडलेलाही नाही आणि लवकर बंदही होत नाही. बाबांचं बीएडही तसंच, ग्रॅज्युएशननंतर राज्याची सीईटी, दोन वर्षं, आणि मग सरकारी किंवा अनुदानित शाळेसाठी शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल, अभियोग्यता चाचणी वगैरे मोठी रांग आहे, हे बाबांना शांतपणे समजावून सांग. तुला शिकवायला आवडतं का हे बघायला बीएड लागत नाही, बिल्डिंगमधल्या आठवीच्या दोन पोरांना महिनाभर सायन्स शिकव. मी शिकवलंय, तिसऱ्या दिवशी कळलं आपल्यात तो पेशन्स नाही.

सरकारी म्हणून अजून दोन गोष्टी, कारण केमिस्ट्रीवाल्या मुली या हमखास विचारतात. बीएआरसीत, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्रात, बीएस्सीवाल्यांसाठी स्टायपेंडरी ट्रेनीच्या जागा अधूनमधून निघतात, ६० टक्के लागतात, त्यामुळे मार्क सोडून नुसतं बाहेर फिरत बसू नकोस. आणि एफडीएमध्ये, म्हणजे अन्न आणि औषध प्रशासनात, फूड सेफ्टी ऑफिसर व्हायचं स्वप्न बऱ्याच जणी बघतात, तिथे मायक्रोबायोलॉजी किंवा बायोकेमिस्ट्रीची साधी डिग्री चालते पण केमिस्ट्री असेल तर एमएस्सीच लागते. हे टीवायनंतर कळून डोकं धरून बसलेल्या मुली मी बघितल्यात.

एमएस्सीचं. तुला आत्ता ठरवायची गरज नाही पण दार उघडं ठेवायची आहे. जॅमला ६० प्रश्न, १०० मार्क, ३ तास, आणि बहुतेक सिलॅबस तुमच्या तीन वर्षांतलाच, फक्त तिथे पाठांतर चालत नाही. एक गोष्ट मात्र आधी बघ. तू पीसीबीवाली आहेस आणि काही ठिकाणी केमिस्ट्रीच्या एमएस्सीलाही बारावीला मॅथ्स असल्याची अट असते, म्हणून ब्रोशरमधलं पात्रतेचं टेबल इन्स्टिट्यूटप्रमाणे वाचून काढ, वर्षभर अभ्यास करून मग कळायला नको. कलिनाला मुंबई विद्यापीठाचा डिपार्टमेंट आहे, माटुंग्याला आयसीटी ही केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था आहे, दोन्हीकडे एकदा चक्कर मार, आयकार्ड घालून, आणि कँटीनमध्ये बसलेल्या एमएस्सीच्या मुलींना विचार की आत आल्यावर पश्चात्ताप कशाचा होतो. प्रॉस्पेक्टस काय, सगळ्यांचंच छान असतं. तुमच्या नवीन पॅटर्नमध्ये तिसऱ्या वर्षानंतर डिग्री घेऊन बाहेर पडायचं की चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायचं हापण प्रश्न येईल, चौथं केलं तर पुढे एमएस्सी एका वर्षाची. तुझ्या कॉलेजात चौथं वर्ष चालवायला लॅब आणि शिक्षक आहेत का ते बघून ठरव.

आणि आता ज्याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं होतं ते, ओजेटी. सहाव्या सेममध्ये तुम्हाला ऑन जॉब ट्रेनिंग आहे, चार क्रेडिट, म्हणजे साधारण १२० तास. मला माहितीये पोरं काय करतात, काकाच्या दुकानाचं लेटरहेड आणतात, शिक्का मारतात, संपलं. अगं विद्यापीठ स्वतः तुला लॅबमध्ये घुसायचं निमित्त देतंय आणि आपण शिक्का मारून परत पाठवतो. तू हे सहाव्या सेमची वाट न बघता या मे महिन्यातच करून बघ, मोफत का होईना, आणि ओजेटीला मग दुसऱ्या प्रकारच्या लॅबला जा. मोठ्या कंपन्यांच्या मागे लागू नकोस, त्या कॉलेजच्या मुलांना सहसा आत घेत नाहीत. छोट्या टेस्टिंग लॅब बघ, पाणी, अन्न, माती तपासणाऱ्या. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या साइटवर मान्यताप्राप्त लॅबची यादी सगळ्यांसाठी खुली आहे, त्यातून ठाणे आणि नवी मुंबईतल्या पंचवीस काढ. मेल चारच ओळींचा, मी कोण, कुठल्या वर्षाला, कुठल्या तारखा मोकळ्या, आणि बाटल्या धुण्यापासून कुठलंही काम करेन. शेवटची ओळ मनापासून लिही कारण पहिला आठवडा खरंच बाटल्याच धुवाव्या लागतात. मेलला उत्तर येणार नाही. दोन दिवसांनी फोन कर. मुंबईत मेलवर काम होत नाही, फोनवर होतं, आणि फोनवर नाही झालं तर दारात उभं राहिल्यावर होतं.

घरी एक बोलणं आधीच करून ठेव, शिफ्टचं. सगळ्या लॅबमध्ये रात्रपाळी नसते, मुलींना बऱ्याच ठिकाणी जनरल शिफ्ट देतात, पण एमआयडीसीतून निघून भांडुपला पोचेपर्यंत साडेआठ-नऊ वाजू शकतात. नोकरी लागल्यावर हा विषय काढलास तर भांडण होतं, आत्ता मे महिन्याच्या इंटर्नशिपच्या निमित्ताने काढलास तर आईबाबांना सवय होते. माझ्या घरी उलट्या क्रमाने झालं, म्हणून सांगते.

मे संपला की मला लिही, कुठल्या लॅबने आत घेतलं आणि तिथे नाकात पहिला वास कसला गेला ते.

– तुझी ताई

ता. क. पुढच्या वर्षीच्या १ सप्टेंबरचा फोनमध्ये अलार्म लावून ठेव, नाव दे "जॅम फॉर्म". द्यायची की नाही ते तेव्हा ठरव, पण अलार्म आत्ता लाव. आणि वर्गातल्या अजून दोघींच्या फोनमध्येपण लाव, एकीने विसरलं तरी दुसरी आठवण करेल.